खाल्लं आईनं, पोचलं किती? : वार आणि मेदाम्लांचा व्यवहार

(व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

गेल्या वेळी आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो. एका शरीराची हद्द नेमकी कुठे संपते? बहुतेकांनी सांगितलं, त्वचेपाशी. रोजच्या व्यवहाराला ते उत्तर पुरतं. पण एक अवस्था अशी आहे की तिथं ते चालत नाही. आपल्याकडे गर्भार बाईला 'दोन जिवांची' म्हणतात. शब्द सुरेख आहे. त्याच्या पाठोपाठ घरातलं कोणी तरी म्हणतंच, "आता दोन जिवांचं खा." या सल्ल्यामागं एक चित्र असतं. आई आणि बाळ यांच्यामध्ये एक नळी आहे, इकडून घातलं की तिकडं पोचलं.

आज मला एवढंच सांगायचं आहे की मध्ये नुसती नळी नाही. मध्ये एक अवयव आहे, वार. तिला स्वतःची भूक आहे, तिची स्वतःची निवड आहे, आणि तिच्यात बिघाडही होतो. हे फार स्पष्ट दिसतं ते चरबीच्या बाबतीत, म्हणून आज मेदाम्लांपुरतंच बोलू. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. 'माझं' आणि 'तुझं' या शब्दांचा अर्थ शोधता शोधता या विषयाकडे आलो. शेवटी एका आजाराबद्दल सांगणार आहे. तो भाग लक्षात ठेवा, कारण तिथं प्रश्न नुसत्या विचारांचा नाही, एखाद्या बाळाच्या जिवाचा आहे.

वार कोणाची?

बाळ जन्मल्यावर थोड्या वेळानं वार पडते. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो भरते, थाळीसारखी गोल, एका बाजूनं नाळ निघालेली. आपल्याकडे ती पुरायची रीत. ॲरिस्टॉटलनं नाळेची तुलना झाडाच्या मुळांशी केली होती. झाड जमिनीतून घेतं तसा गर्भ गर्भाशयातून घेतो. १५५९ साली रिआल्दो कोलंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं या अवयवाला 'प्लॅसेंटा' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चपटा केक. पुढे अठराव्या शतकात लंडनमध्ये विल्यम आणि जॉन हंटर या भावांनी रक्तवाहिन्यांत मेण भरून दाखवलं की आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोन्ही प्रवाह अगदी जवळून जातात, पण वेगळे राहतात.

आता बघा, ही वार कोणाची? ती आईच्या पोटात असते, म्हणून आपण ती आईची समजतो. पण तिचा मुख्य भाग त्याच फलित बीजापासून बनतो ज्यातून बाळ बनतं. म्हणजे तिच्या पेशींमधली निम्मी जनुकं बापाकडून आलेली असतात. ती बाळाचा अवयव आहे, पण राहते आईच्या रक्तात बुडून. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आतून वार एखाद्या घनदाट झुडपासारखी असते. बाळाच्या रक्तवाहिन्या फांद्या-फांद्यांनी पसरतात आणि त्या फांद्या आईच्या रक्तात बुडलेल्या असतात. दिवस भरत येतात तेव्हा या सगळ्या फांद्यांचं एकूण पृष्ठफळ दहा-बारा चौरस मीटर होतं, म्हणजे घरातल्या एका खोलीच्या जमिनीएवढं. या फांद्यांवर एक पातळ अस्तर असतं. त्यातल्या पेशी एकमेकींत विरघळून एकसंध झालेल्या असतात. त्याची एक बाजू आईच्या रक्ताकडे आणि दुसरी बाळाकडे. आईकडून बाळाकडे जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हे अस्तर ओलांडावं लागतं.

तीन जुने दृष्टान्त

अन्नाच्या रसातून शरीरातल्या धातूंचं पोषण कसं होतं, यावर आयुर्वेदाच्या परंपरेत मोठी चर्चा झाली आहे. चरकसंहितेवर टीका लिहिणाऱ्या चक्रपाणिदत्तानं अकराव्या शतकात तिची मांडणी केली. त्यात तीन न्याय येतात. पहिला केदारीकुल्या न्याय: पाटाचं पाणी वाफ्या-वाफ्यातून पुढं सरकतं तसं पोषण. दुसरा खलेकपोत न्याय: खळ्यावर धान्य पडलेलं असतं आणि कबुतरं येऊन आपल्याला हवे ते दाणे टिपून आपापल्या वाटेनं जातात. तिसरा क्षीरदधि न्याय: दुधाचं दही होतं तसं एका पदार्थाचं दुसऱ्यात रूपांतर.

हा वाद धातूंबद्दलचा होता, वारेबद्दलचा नव्हे. त्या लोकांना मेदाम्लं ठाऊक होती असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हटलं तर तुम्हीही मान डोलवू नका. पण विचाराची साधनं म्हणून ही तीन चित्रं फार उपयोगी आहेत. जुन्या पंडितांचा वाद 'यांपैकी खरं कोणतं' असा होता. वारेत बघायला गेलं तर तिन्ही एकाच वेळी चालू असतात.

पाट

पहिल्यांदा पाट. गर्भारपणाच्या पहिल्या टप्प्यात आईचं शरीर चरबी साठवतं. शेवटच्या तीन महिन्यांत उलटं होतं. साठवलेली चरबी सुटून रक्तात येऊ लागते. रक्तातल्या ट्रायग्लिसराइडची पातळी तेव्हा एरवीच्या दुप्पट-तिप्पट होते. रोजच्या तपासणीत असा आकडा दिसला तर आपण घाबरू, पण इथं तो अपेक्षित असतो. आणि गंमत म्हणजे या बदलाला हातभार लावणारी काही संप्रेरकं वारच तयार करते. म्हणजे पाटाला पाणी सोडा, असा निरोप पाटाच्या दुसऱ्या टोकाकडूनही येतो.

हे सगळं कशासाठी? माणसाचं बाळ जन्मतः चांगलं गुटगुटीत असतं. साडेतीन किलोच्या बाळात अर्धा किलोच्या आसपास चरबी असते, म्हणजे वजनाच्या साधारण सातवा हिस्सा. डुकराच्या पिलात हेच प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के असतं. ही चरबी बहुतांशी शेवटच्या दहा-बारा आठवड्यांत साठते. त्यातली सगळी आईकडून तयार येत नाही. काही चरबी बाळ साखरेपासून स्वतःच बनवतं. पण काही मेदाम्लं अशी आहेत की ती बाहेरून यावीच लागतात.

पाट म्हटलं तरी तो मोकळा वाहत नाही. ट्रायग्लिसराइड म्हणजे तीन मेदाम्लं एकत्र बांधलेली जुडी. ही जुडी जशीच्या तशी वार ओलांडू शकत नाही. वारेच्या आईकडच्या बाजूवर लायपेज नावाची विकरं असतात, ती जुडी सोडवतात. मोकळी झालेली मेदाम्लं अस्तरात शिरतात; काही आपोआप, काही खास प्रथिनांच्या मदतीनं. आत शिरल्या शिरल्या त्यांना एक रासायनिक खूण चिकटवली जाते, म्हणजे ती परत बाहेर पडत नाहीत. पाण्यात न विरघळणारी ही मंडळी पेशीच्या आत वाहक प्रथिनांच्या खांद्यावर बसून फिरतात. जी पलीकडं पोचतात ती बाळाच्या रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून पुढं जातात.

खळं

आता दुसरं चित्र. नुसता पाट असता तर आईच्या रक्तात जे प्रमाण तेच बाळाच्या रक्तात दिसायला हवं. तसं दिसत नाही.

डीएचए हे मेदाम्ल घ्या. बावीस कार्बनची साखळी, सहा ठिकाणी दुहेरी बंध. मेंदूच्या आणि डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या पेशींच्या आवरणांत ते भरपूर असतं. जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त तपासलं तर एकूण मेदाम्लांत डीएचएचा वाटा आईच्या रक्तातल्यापेक्षा जास्त निघतो. साध्या मेदाम्लांचं उलटं. १९७० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल क्रॉफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याकडे लक्ष वेधलं. खळ्यावर धान्य तेच, पण टिपणारा निवडून टिपतो.

हे वारेचंच काम कशावरून? स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला पॉल हॅगर्टी आणि सहकाऱ्यांनी, प्रसूतीनंतर मिळालेल्या वारेतून द्रव फिरवत ठेवून, एका बाजूला मेदाम्लांचं मिश्रण सोडलं. तिथं आई नव्हती, बाळ नव्हतं, एकटी वार होती. तरी तिनं डीएचएला पुढं काढलं आणि ॲराकिडोनिक आम्ल पुष्कळसं स्वतःकडे ठेवून घेतलं. पुढे युरोपात, ठरवून सिझेरियन करायच्या बायकांना काही तास आधी कार्बन-१३ ची खूण असलेली मेदाम्लं देऊन पाहिलं. ही खूण किरणोत्सारी नसते, त्यामुळं धोका नाही. तिथंही वारेत डीएचए बाकीच्यांच्या तुलनेत जास्त गोळा झालेलं दिसलं.

यात एक मेख आहे. लहान साखळीपासून डीएचए तयार करण्याची वारेची स्वतःची क्षमता फारच तोकडी आहे. खळ्यावर दाणेच कमी असतील तर निवडून तरी किती निवडणार?

दूध आणि दही

तिसरं चित्र रूपांतराचं. आत आलेलं प्रत्येक मेदाम्ल बाळाकडे जात नाही. काहींची पुन्हा जुडी बांधून वार ती थेंबांच्या रूपात साठवते. काही तिच्या स्वतःच्या पेशींची आवरणं बनवण्यात जातात. मघाशी ठेवून घेतलेल्या ॲराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिनं बनू शकतात. प्रसूतीच्या कळा सुरू होण्यात त्यांचा वाटा असतो. आणि काही मेदाम्लं वार चक्क जाळते.

हे शेवटचं वाक्य पुष्कळ वर्षं कोणी मानत नव्हतं. वार आपली ऊर्जा साखरेवर भागवते, मेदाम्लं जाळण्याच्या भानगडीत पडत नाही, अशी रूढ समजूत होती. २००२-०३ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी वारेत मेदाम्लं जाळणारी विकरं शोधली. ती होती, आणि कामही करत होती. पण ती शोधावीत असं त्यांना वाटलं कशामुळं? तीच आता सांगायची गोष्ट.

बाळाचा दोष, आईचा आजार

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत क्वचित एक भयंकर आजार होतो. आईचं यकृत अचानक चरबीनं भरतं आणि काम करेनासं होतं. मळमळ, उलट्या, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मग कावीळ, रक्तातली साखर घसरणं. एके काळी यातून बहुतेक बायका वाचत नसत. आता निदान वेळेवर झालं आणि प्रसूती लगेच केली तर बहुतेक वाचतात. याच्या जवळचा दुसरा आजार म्हणजे 'हेल्प' सिंड्रोम. त्यात तांबड्या पेशी फुटतात, यकृताला इजा होते आणि प्लेटलेट उतरतात.

यकृत आईचं, आजार आईला. तेव्हा कारणही आईत शोधलं गेलं. पण १९९० च्या दशकात वेगळंच दिसू लागलं. यातल्या काही बायकांच्या बाळांत एक जन्मजात दोष सापडला. लांब साखळीची मेदाम्लं जाळण्याच्या मार्गात एक विकर आहे, डॉक्टर त्याला थोडक्यात 'एलचॅड' म्हणतात. या बाळांत ते काम करत नव्हतं. १९९९ साली जमाल इब्दा आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या विकराचा एक ठरावीक जनुकीय दोष असलेला गर्भ वाढवताना, त्या मातांपैकी ७९ टक्के जणींना यकृताचा असा आजार झाला होता.

लक्षात घ्या, आईकडे या जनुकाची एक प्रत सदोष आणि एक चांगली. एका चांगल्या प्रतीवर तिचं आयुष्यभर भागलेलं असतं. गर्भ निर्दोष असेल, किंवा तिच्यासारखाच नुसता वाहक असेल, तर तिचं गर्भारपण बहुधा सुरळीत पार पडतं. गर्भात दोन्ही प्रती सदोष असल्या की ती आजारी पडते. मग बाळाचा दोष आईच्या यकृतापर्यंत पोचतो कसा? मघाचं वाक्य आठवा: वार बाळाची आहे, पण आईच्या रक्तात बुडून राहते. बाळात जो दोष तोच वारेत. ती मेदाम्लं जाळायला घेते, पण ती अर्धवट जळतात. हे अर्धवट जळलेले तुकडे आईच्या रक्तात उतरतात आणि तिच्या यकृतावर ताण टाकतात, अशी आज सर्वांत पटणारी मांडणी आहे. आईच्या रक्तात चरबीचा पूर शेवटच्या तीन महिन्यांत येतो, आजारही तेव्हाच होतो.

अशा आजाराच्या सगळ्याच घटनांमागे हा दोष असतो असं नाही, पुष्कळांमागे तो सापडत नाही. पण जिथं असतो तिथं आपलं 'देणारी आई, घेणारं बाळ' हे चित्र पार उलटतं. हा रस्ता दुतर्फा आहे.

पुण्याच्या परिसरातून

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. मग आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान असायला हवीत. पण स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान, आणि पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून. 'बारीक पण चरबीदार' अशी ही भारतीय बाळाची ठेवण २००३ साली मांडली गेली. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाशी तिचा संबंध जोडला जातो. वजनाचा काटा एकच आकडा सांगतो. त्या वजनात काय काय आहे ते सांगत नाही.

पुण्यातच भारती विद्यापीठातल्या संशोधकांनी गर्भारपणात रक्तदाब वाढणाऱ्या, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांच्या वारा तपासल्या. त्यांत डीएचएचं प्रमाण कमी आढळलं. आणि गर्भारपणातल्या मधुमेहात तर वेगळीच तऱ्हा दिसते. आईच्या रक्तात चरबी भरपूर, बाळही अंगानं मोठं, पण नाळेच्या रक्तात डीएचएचा वाटा कमी. पाट तुडुंब वाहतो आहे, पण खळ्यावरची निवड बिघडली आहे. 'दोन जिवांचं खा' या सल्ल्याची मर्यादा याहून चांगली कशी दाखवणार?

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: मग आईनं खायचं काय? शाकाहारी बाईनं काय करावं?*

उत्तर: औषधाचा सल्ला तुमच्या डॉक्टरांचा घ्या, मी तत्त्व सांगतो. डीएचए तयार स्वरूपात मिळतं ते माशांतून. आपल्या किनाऱ्यावरचे बांगडा आणि तारली हे त्यातले चांगले. जवस आणि अक्रोडात त्याचं पूर्वरूप असतं, अल्फा-लिनोलेनिक आम्ल. शरीर त्याचं डीएचए बनवतं, पण थोडं. तरुण बायकांत ही क्षमता पुरुषांपेक्षा बरी असते. शाकाहारींसाठी शैवालापासून काढलेलं डीएचए मिळतं. मासा तरी डीएचए आणतो कुठून? शेवटी शैवालातूनच.

*प्रश्न: म्हणजे गोळ्या घेतल्या की मूल हुशार होतं?*

उत्तर: जाहिराती तसं सुचवतात. ऑस्ट्रेलियात सुमारे २,४०० बायकांवर मोठी चाचणी झाली, २०१० साली निकाल आला. दीड वर्षाच्या मुलांच्या आकलनात सरासरी फरक दिसला नाही. दुसऱ्या बाजूला, २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ७० चाचण्या एकत्र पाहिल्या. ओमेगा-३ घेणाऱ्या गटांत ३४ आठवड्यांच्या आतल्या प्रसूती ४.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आल्या. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरात सांगते तिथं नाही.

*प्रश्न: मूल कमी वजनाचं झालं की घरात सुनेलाच बोल लावतात, "नीट खाल्लं नाहीस." यावर काय सांगाल?*

उत्तर: हा आजचा सगळ्यांत चांगला प्रश्न. बोल लावणाऱ्याच्या डोक्यात ती नळी असते. पोचलं नाही, म्हणजे घातलं नाही. पण मध्ये एक अवयव आहे. त्याची जडणघडण, त्याला होणारा रक्तपुरवठा, त्याची विकरं, यांतलं काहीही त्या मुलीच्या ताटावर किंवा इच्छेवर सर्वस्वी अवलंबून नाही. आणि त्या अवयवाची निम्मी जनुकं तुमच्या मुलाकडून आलेली आहेत, हेही त्या घराला सांगावं. आहार महत्त्वाचा आहे, म्हणूनच तो तिला वेळेवर आणि सन्मानानं मिळाला पाहिजे. पण आहार म्हणजे हमी नव्हे.

*प्रश्न: तो यकृताचा आजार झालेली आई बरी झाली, तर पुढं काळजीचं काही उरतं का?*

उत्तर: उरतं, आणि मी लक्षात ठेवा म्हणालो ते हेच. आई बरी झाली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. बाळ वरून ठणठणीत दिसतं. पण त्याच्यात हा दोष असेल, तर एखाद्या तापात किंवा रात्री दूध न पिता फार वेळ उपाशी राहिल्यावर त्याची साखर एकाएकी उतरू शकते, हृदयावर परिणाम होऊ शकतो, आणि कधी कधी वेळ मिळत नाही. आधी कळलं तर उपाय आहेत: उपाशी ठेवायचं नाही, आहारात लांब साखळीची चरबी कमी करून मध्यम साखळीची द्यायची, आजारपणात लगेच रुग्णालयात न्यायचं. म्हणून आईला गर्भारपणात यकृताचा असा आजार झाला असेल, तर बाळाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा आणि मेदाम्लांच्या दोषाची तपासणी करायची का, हे विचारा. पुढच्या प्रत्येक गर्भारपणात हा दोष उतरण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळं जनुकीय सल्लाही घ्यावा. आईच्या फायलीतली एक ओळ बाळाच्या फायलीत गेली पाहिजे. दोन फायली वेगळ्या असतात, हीच तर अडचण आहे.

वेळ संपली. आजच्यापुरतं इथं थांबू. पुढच्या वेळी अवयवदानाच्या अंगानं 'माझं शरीर' या शब्दांकडे पाहू.